दहा सेंटांचा पाव

आपण नदीला आई म्हणतो, भुईला आई म्हणतो, गाईला तर म्हणतोच. पण रस्त्याला कुणी आई म्हटल्याचे मराठीत माझ्या ऐकिवात नाही. आपल्याकडे वाट चुकते, वाट पाहावी लागते, फार तर वाटेला सोबत मिळते. अमेरिकेत मात्र एका रस्त्याला 'मदर रोड' असे नाव पडले, आणि ते देणारा कुणी मोटारकंपनीचा जाहिरातदार नव्हता. तो एक कादंबरीकार होता. जॉन स्टाइनबेकने १९३९ साली 'द ग्रेप्स ऑफ रॅथ' ह्या कादंबरीत सहासष्ट नंबरच्या रस्त्याला हे नाव दिले. ते त्याने कौतुकाने दिले नव्हते. कर्ज, दुष्काळ आणि धुळीची वादळे ह्यांनी ज्यांना जमिनीवरून हुसकावले, अशी हजारो कुटुंबे मोडक्या गाड्यांत संसार घालून ह्या एकाच रस्त्याने कॅलिफोर्नियाकडे निघाली होती. ज्यांना दुसरे कुणी उरले नाही त्यांची ही आई. आज तेच नाव टोप्यांवर, पेल्यांवर आणि चुंबकाच्या चकत्यांवर छापून विकले जाते. आईचे नाव टिकले, लेकरांचे हाल मात्र पुसट झाले.

हे कसे झाले, आणि जे झाले ते सगळेच वाईट म्हणावे का, हा ह्या लेखाचा विषय आहे. मी त्या रस्त्याने गेलेलो नाही. माझी त्याची ओळख कादंबरीतून, चित्रपटांतून, एका गाण्यातून आणि छायाचित्रांतून झालेली आहे. परंतु मला परीक्षण करायचे आहे ते रस्त्याचे नव्हे, रस्त्याच्या आठवणीचे. आणि आठवण ही शेवटी एक वाङ्मयीन रचनाच असते. तिच्यात काय ठेवले आणि काय गाळले ह्यावर तिची किंमत ठरते.

आधी चार गोष्टी वाचकांच्या माहितीसाठी. ११ नोव्हेंबर १९२६ रोजी अमेरिकेच्या राष्ट्रीय रस्त्यांना क्रमांक मिळाले, त्यांत शिकागोहून लॉस एंजलिसकडे जाणाऱ्या ह्या रस्त्याला ६६ हा आकडा आला. तो आपल्या गावावरून जावा म्हणून ओक्लाहोमातल्या टल्साचे सायरस एव्हरी ह्यांनी बरीच खटपट केली होती. लांबी सुमारे २,४५० मैल आणि वाटेत आठ राज्ये. त्यांतल्या कॅन्सस राज्याच्या वाट्याला जेमतेम तेरा मैल. रस्ता गावागावाच्या मुख्य पेठेतून जाई. त्यामुळे त्याच्या दोन्ही अंगांना पेट्रोलपंप, खानावळी, सरबताची दुकाने आणि मोटार दाराशी उभी करून निजता येईल अशी मोटेले उभी राहिली. मग १९५६ साली प्रचंड महामार्गांचा कायदा झाला. नवे रस्ते गावांना वळसा घालून निघून गेले. एकामागून एक गाव बाजूला पडले. ॲरिझोनातले विल्यम्स हे शेवटचे गाव १९८४ च्या ऑक्टोबरात सुटले आणि २७ जून १९८५ रोजी ६६ हा क्रमांकच रद्द झाला. नवा द्रुतगती मार्ग झाला की जुन्या हमरस्त्यावरच्या खानावळींची काय गत होते, हे मराठी वाचकाला निराळे सांगायला नको.

रस्ता मेला आणि मग त्याचे खरे कौतुक सुरू झाले. बंद पडलेले पंप पुन्हा रंगवले गेले, विझलेल्या निऑनच्या पाट्या दुरुस्त झाल्या, १९९९ साली तर त्यांच्या जतनासाठी अमेरिकेच्या काँग्रेसने कायदाही केला. आता देशोदेशींचे प्रवासी ह्या थांब्यांवर थांबत थांबत जातात. ते शोधतात काय? ते थांबे ज्या काळचे, तो काळ. आणि इथेच टीकाकाराला तोंड उघडावे लागते. कारण तो काळ कोणाचा, हे कुणी विचारत नाही.

*

स्टाइनबेकच्या कादंबरीचे पंधरावे प्रकरण हे ह्या सगळ्या थांब्यांचे मूळ चित्र आहे. कथानकाच्या दृष्टीने ते प्रकरण वगळले तरी चालेल. ज्या जोड कुटुंबाची ही कथा, ते त्यात नाहीच. रस्त्याकडेची एक खानावळ आहे. मे नावाची बाई गिऱ्हाईक सांभाळते आहे, आल नावाचा आचारी तव्यापाशी आहे. दोन ट्रकड्रायव्हर कॉफी आणि पाय खात बसले आहेत. पाय हा त्यांच्याकडचा फळे भरलेला गोड पदार्थ. मे बाईला ट्रकवाले आवडतात, कारण ते नेमाने येतात आणि मोकळ्या हाताने देतात. श्रीमंत प्रवासी कुरकुर करतात आणि थोडक्यात आटोपतात, हे तिला अनुभवाने कळलेले आहे. इतक्यात एक खटारा येऊन थांबतो. आत बायकापोरे, वर सामानाचा डोंगर. बाप आधी पाणी मागतो, मग पाव मागतो. त्याच्यापाशी पावासाठी दहा सेंट आहेत. पाव आहे पंधरा सेंटांचा.

मे बाई सरळ देत नाही. हे काही किराणा मालाचे दुकान नव्हे, पाव विकून टाकले तर आमच्या गिऱ्हाइकांना काय घालू, असे तिचे म्हणणे. आणि ते व्यवहाराने खोटे नाही. त्या माणसाच्या आवाजात लाचारी नाही, मात्र पैसा मोजून खर्च केल्यावाचून कॅलिफोर्निया गाठता येणार नाही ही जाणीव आहे. तो पंधराच्या पावातला दहाचा तुकडा कापून मागतो. शेवटी आतून आचारी खेकसतो, की देऊन टाक तो पाव. पाव जातो. मग त्या माणसाची दोन पोरे काचेतल्या रंगीत गोळ्यांकडे पाहत उभी असलेली दिसतात. गोळ्या एका सेंटाच्या का, असे बाप विचारतो. मे बाई सांगते, सेंटाला दोन. मंडळी निघून गेल्यावर ट्रकड्रायव्हर तिला म्हणतो, त्या काही सेंटाला दोन नव्हत्या. एकेक पाच सेंटांची होती. आणि जाताना ते दोघेही बिलाच्या कितीतरी वर, अर्ध्या डॉलरची नाणी ठेवून निघून जातात.

हा प्रसंग मी वर्गात अनेकदा सांगितला आहे, आणि दर वेळी मला त्यातला हिशेब नव्याने दिसतो. दहा, पंधरा, एक, पाच, पन्नास. लेखक आकडे सोडत नाही. चांगुलपणाचे वर्णन करताना बहुतेक लेखकांचा हात ओला होतो. इथे मात्र चांगुलपणा आधी कुरकुरतो, मग लाजतो, मग खोटे बोलतो, आणि त्या खोट्याची भरपाई तिसराच कुणीतरी गुपचूप करतो. दया आली म्हणून दुकानाचा तोटा व्हायचा राहत नाही, हे लेखक विसरत नाही. म्हणूनच त्या दयेवर आपला विश्वास बसतो. भाबडेपणा आणि करुणा ह्यांत फरक कोणता, असे मला कुणी विचारले तर मी म्हणेन, भाबडेपणा हिशेब ठेवत नाही.

जॉन फोर्डने १९४० साली ह्या कादंबरीचा चित्रपट केला. त्यात हा प्रसंग आहे. पण पाव मागणारा अनामिक माणूस तिथे उरलेला नाही. जोड कुटुंबातला बापच पाव मागतो आणि त्याच घरातली मुले गोळ्या घेतात. पडद्याच्या सोयीने हे योग्यच आहे. ओळखीच्या माणसासाठी जीव लवकर तुटतो. परंतु कादंबरीत तो माणूस नाव न सांगता येतो आणि नाव न सांगता जातो. खानावळीत येणारा माणूस नेहमी असाच असतो. अनोळखी माणसाशी आपण कसे वागतो, हीच तर रस्त्याकडेच्या थांब्याची परीक्षा. फोर्डचा प्रसंग हृद्य आहे. स्टाइनबेकचा अधिक मोठा आहे.

स्टाइनबेकच्याही नजरेला एक मर्यादा आहे, आणि ती सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. त्याच्या रस्त्यावरचे विस्थापित जवळजवळ सगळे गोरे आहेत. मे बाईच्या दारात एखादे काळे कुटुंब दहा सेंट घेऊन आले असते तर? तो खटारा तिथे थांबला तरी असता का? ह्या प्रश्नाचे उत्तर कादंबरीत नाही. ते शोधायला एका गाण्याकडे वळावे लागते.

*

१९४६ साली बॉबी ट्रूप नावाचा तरुण गीतकार पेनसिल्व्हेनियाहून कॅलिफोर्नियाला मोटारीने निघाला आणि वाटेत त्याने ह्या रस्त्यावर एक गाणे रचले. त्याच वर्षी नॅट किंग कोलने ते गायले आणि ते घराघरांत गेले. गाण्याची रचना साधी आहे: एकापाठोपाठ एक गावांची नावे. आपल्या जुन्या तीर्थावळीत नाही का, नाव घेतले की यात्रा घडल्याचे पुण्य? तसेच हे. नुसत्या नावांच्या ओवण्यात एक नाद असतो आणि त्या नादाला चाकांची गती असते. गाणे म्हणून ते झकास आहे. त्यात माणूस एकही नाही ही उणीव नव्हे; तीन मिनिटांच्या गाण्याकडून कादंबरीची अपेक्षा करू नये.

पण ते गाणारा आवाज कोणाचा होता हे आठवले, की गाण्याखाली दुसरे एक गाणे ऐकू येऊ लागते. नॅट किंग कोल काळा होता. ज्या गावांची नावे तो इतक्या सहज सुरात घेतो, त्यांतल्या कित्येक ठिकाणी त्याला रात्रीपुरती खोली मिळाली नसती. मोटेलात खोल्या रिकाम्या असतानाही 'जागा नाही' असे सांगितले जाई. काही गावांत तर सूर्यास्तानंतर काळ्या माणसाने दिसायचेच नाही असा दंडक होता. १९४८ साली कोलने लॉस एंजलिसच्या एका प्रतिष्ठित वस्तीत घर घेतले तेव्हा शेजाऱ्यांनी त्याला विरोध केला. रस्ता जिथे संपतो तिथेही दार उघडे नव्हते!

म्हणून ह्याच रस्त्याचे आणखी एक वाङ्मय होते, आणि ते माझ्या मते सर्वांत बोलके आहे. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये राहणारे व्हिक्टर ह्यूगो ग्रीन हे टपालखात्यातले नोकर. त्यांनी १९३६ साली एक पुस्तिका काढली: काळ्या प्रवाशाला कुठे जेवण मिळेल, कुठे झोपता येईल, कुठे पेट्रोल मिळेल, त्याची गावोगावची यादी. 'ग्रीन बुक' ह्या नावाने ती पुढे तीस वर्षे निघत राहिली. तीही नावांची यादीच, आणि ट्रूपचे गाणेही नावांची यादीच. एक गुणगुणण्यासाठी, दुसरी जीव सांभाळण्यासाठी. दोन्ही शेजारी ठेवून वाचल्या म्हणजे ह्या रस्त्याची आठवण पुरी होते.

ह्यात आणखी एक गोष्ट मन चाळवणारी आहे. जुन्या थांब्यांच्या कौतुकात खलनायक ठरलेला असतो: मोठी कंपनी. घरगुती मोटेल चांगले, कंपनीचे वाईट. एकट्या म्हाताऱ्याचा पंप चांगला, साखळीतला वाईट. परंतु 'ग्रीन बुक' आपल्या पंपांवर विकायला ठेवणारी कंपनी होती एस्सो, तेलाच्या धंद्यातली बलाढ्य कंपनी. ज्याला घरगुती मोटेलच्या दारातून परत जावे लागे, त्याला कंपनीच्या पंपावर निदान एक उपयोगी पुस्तिका मिळे. घरगुतीपणा म्हणजे आपुलकी, हे समीकरण घरात ज्याला घेतले जाते त्याच्यापुरतेच खरे.

मोटेले आणि खानावळी ह्यांनी वर्ण पाहून माणूस परतवू नये, असा कायदा १९६४ साली झाला. तोपर्यंत नवे महामार्ग बांधायला लागून आठ वर्षे झाली होती. म्हणजे कायद्याने ही दारे सर्वांना उघडली, ती रहदारी दारावरून दुसरीकडे वळू लागल्यावर. आज आपण ज्या 'सोनेरी काळा'चे थांबे पाहून हळवे होतो, त्या काळी ते निम्मेच उघडे होते.

*

आता प्रत्यक्ष थांब्यांकडे वळू. त्यांतले काही मला एखाद्या कथेसारखे वाचता येतात, आणि सगळ्या कथा सारख्या चांगल्या नसतात.

ॲरिझोनातल्या होलब्रुक गावी १९५० साली चेस्टर लुईस ह्यांनी 'विगवॅम मोटेल' उभारले. सिमेंटचे पंधरा शंकू, प्रत्येकात एक खोली. नमुना फ्रँक रेडफोर्ड ह्यांचा. नवा रस्ता आल्यावर ते बंद पडले आणि १९८८ साली लुईस कुटुंबाने पुन्हा उघडले. मुलांना ते फार आवडते, आणि का आवडू नये? परंतु त्याची रचना तपासली तर काय दिसते? विगवॅम म्हणजे ईशान्येकडच्या अरण्यातल्या जमातींची घुमटाकार झोपडी. हे शंकू आहेत ते मध्यभागातल्या मैदानी जमातींच्या कातडी तंबूच्या आकाराचे. आणि होलब्रुकच्या आसपास राहतात ते नॅव्हाहो आणि होपी. त्यांची घरे ह्या दोन्हींसारखी नाहीत. नाव एकाचे, रूप दुसऱ्याचे, भूमी तिसऱ्याची! ज्यांच्या घराचे खेळणे केले त्या माणसांचा त्यात काही भाग नाही. पाहायला गंमत आहे. पण गमतीच्या पलीकडे ही कथा जात नाही.

न्यू मेक्सिकोतल्या टुकमकारी गावचे 'ब्लू स्वॅलो' मोटेल ही दुसऱ्या प्रतीची कथा. पाटीवर निळ्या पाकोळीची निऑनची आकृती, प्रत्येक खोलीला जोडून मोटारीसाठी आडोसा. लिलियन रेडमन ह्या बाईंनी १९५८ पासून १९९८ पर्यंत, चाळीस वर्षे, ते चालवले. वाखाणण्यासारखे दिवे इतरत्रही आहेत. इथे निराळे ते हे, की आलेल्या पाहुण्याच्या हाती बाई एक छापील कागद देत. त्यात प्रवाशासाठी आशीर्वाद असे. चाळीस वर्षे रोज अनोळखी माणसांना दार उघडत राहणे हा स्वभावाचा कस आहे. दिव्यांचे फोटो पुष्कळ निघतात. त्या कागदामागची चिकाटी फोटोत येत नाही.

तिसरी कथा सेलिगमनची. ॲरिझोनातल्या ह्या गावावरून २२ सप्टेंबर १९७८ रोजी रहदारी नव्या रस्त्यावर वळली. त्या दिवसापासून पेठ ओस पडली. तिथले न्हावी एंजल डेलगडिलो ह्यांनी हातपाय गाळले नाहीत. त्यांनी गावकरी जमवले आणि १९८७ साली जुन्या रस्त्याच्या जतनासाठी संस्था काढली; राज्य सरकारकडून ह्या रस्त्याला 'ऐतिहासिक' असा दर्जा मिळवला. पुढे इतर राज्यांत झालेल्या खटपटींना ह्याच उदाहरणाने बळ दिले. त्यांचे भाऊ हुआन ह्यांनी १९५३ साली टाकाऊ लाकडातून 'स्नो कॅप' नावाचे खाण्याचे दुकान बांधले होते. त्याच्या दाराला दोन मुठी, त्यांतली एक खोटी. आणि पाटीवर 'बंद आहे, क्षमस्व' ऐवजी 'उघडे आहे, क्षमस्व' असा मजकूर. हा विनोद मला आवडतो, कारण तो उजाड पेठेत टिकून राहिलेला विनोद आहे. जुन्या दिवसांचे कौतुक इथे शौक म्हणून आलेले नाही. पोटासाठी आणि गावासाठी आले आहे. स्मरणरंजनाला नावे ठेवणाऱ्यांनी हा फरक ध्यानात घ्यावा. ज्याचे गाव जाते त्याला आठवणीचा आधार घेण्याचा हक्क असतो.

चौथी कथा सर्वांत लहान आहे. ओक्लाहोमातल्या लूथर गावाजवळ थ्रेट कुटुंबाचा एक दगडी पेट्रोलपंप आहे. एका काळ्या कुटुंबाने आपल्या शेताच्या कडेला तो बांधला आणि चालवला. त्याला निऑनची पाकोळी नाही, सिमेंटचा तंबू नाही. १९९५ साली राष्ट्रीय नोंदवहीत त्याची नोंद झाली. ज्या प्रवाशाला मैलोनमैल कुठे थांबावे हा घोर होता, त्याला हा साधा दगडी पंप कसा दिसला असेल? ह्या रस्त्यावर एखाद्याला कादंबरी लिहायची असेल तर त्याने ती ह्या पंपापासून सुरू करावी.

*

आठवणीच्या ह्या व्यवहारावर दोन चित्रपट मला महत्त्वाचे वाटतात. एक सर्वांनी पाहिला आहे: पिक्सारचा 'कार्स', २००६ सालचा, जॉन लॅसेटर ह्यांचा. घमेंडखोर शर्यतीची मोटार एका विसरलेल्या गावात अडकते आणि तिथे तिला माणुसकी शिकायला मिळते. ह्या गावासाठी चित्रकारांनी जुन्या रस्त्याचा प्रवास केला. सेलिगमन, टेक्सासमधल्या शॅमरॉकचा १९३६ सालचा मनोरेवाला पंप, अशा खऱ्या ठिकाणांच्या छटा त्यात उतरल्या आहेत. दहा मिनिटे वाचवण्यासाठी नवा रस्ता बांधला आणि गाव मेले, हा प्रसंग कसलेल्या हाताने रंगवला आहे. तो पाहताना माझ्या घरातली लहान मंडळीही गप्प झाली होती.

तरी एक प्रश्न उरतोच. ह्या गावात माणसे नाहीत, सगळ्या मोटारी. मोटारीला वर्ण नसतो, जात नसते, सूर्यास्तानंतर गावाबाहेर जा असे तिला कुणी सांगत नाही. म्हणून तो जुना काळ इतका निर्मळ दाखवता आला. रस्ताही निर्मळ नव्हता. अपघातांमुळे त्याच्या कित्येक भागांना लोक 'ब्लडी सिक्स्टी-सिक्स' म्हणत, आणि नवे रस्ते झाले त्याला तेही एक कारण होते. मुलांच्या चित्रपटाने हे सगळे सांगावे असे मी म्हणत नाही. पण मोठ्यांची आठवणही त्याच पातळीवर राहिली तर ती मुलांचीच आठवण ठरते.

दुसरा चित्रपट १९८७ सालचा, जर्मन दिग्दर्शक पर्सी ॲडलन ह्यांचा 'बगदाद कॅफे'. मोहावीच्या वाळवंटात, जुन्या रस्त्याच्या कडेला, एक कळाहीन खानावळ. मालकीण ब्रेंडा ही काळी बाई. नवऱ्याला नुकतेच हाकलले आहे, कॉफीचे यंत्र मोडले आहे, मुले ऐकत नाहीत. तिथे यास्मिन नावाची स्थूल जर्मन बाई बॅग ओढत पायी येते. तिनेही नवऱ्याला वाटेत सोडले आहे, आणि घाईत उचललेली बॅग निघते नवऱ्याच्या कपड्यांची. ब्रेंडा तिच्याकडे संशयाने पाहते. एक दिवस यास्मिन न विचारता तिची कचेरी झाडूनपुसून लख्ख करते, तर ब्रेंडा आभार मानायच्या ऐवजी संतापते. हा संताप हे चित्रपटातले सर्वांत खरे क्षण. आपल्या पसाऱ्याला परक्याने हात लावला की माणसाचा अपमान होतो, हे दिग्दर्शकाला ठाऊक आहे. पुढे हळूहळू पाहुणी यजमान होते आणि यजमानीण पाहुणी. शेवटचा भाग जादूचे खेळ आणि गाणी ह्यांत विरघळतो, तिथे चित्रपट सैल पडतो. गोऱ्या पाहुणीने काळ्या मालकिणीचे घर सावरावे हे जरा सोयीचेही वाटते. तरी दोषांसकट मी 'कार्स'पेक्षा त्याला वरचे स्थान देतो. कारण इथे थांबा म्हणजे गतकाळाचे संग्रहालय नाही. इथे दोन अनोळखी माणसे समोरासमोर आली आहेत आणि पुढे काय होईल ते ठरलेले नाही. मे बाईच्या खानावळीत जे घडले तेच इथे पन्नास वर्षांनी पुन्हा घडते आहे.

*

ह्या सगळ्याशी आपला काय संबंध, असे दिवाळीचा फराळ करता करता कुणी विचारील. संबंध दोन आहेत.

पहिला सरळ आहे. रस्ता ओस पडत गेला आणि ही मोटेले मातीमोल भावाने विकली जाऊ लागली, तेव्हा ती घेणाऱ्यांत आपले गुजराती बांधव पुष्कळ होते. पुढे कचेरी, मागे दोन खोल्यांत बिऱ्हाड, चादरी धुण्यापासून हिशेबापर्यंत सगळे घरच्यांनी करायचे, अशा काटकसरीने त्यांनी ती चालवली. कॅलिफोर्नियातले रियाल्टोजवळचे दुसरे 'विगवॅम मोटेल' २००३ साली अशाच एका कुटुंबाने घेऊन नीटनेटके केले. अशा मालकांच्या शेजारी काही मोटेलांनी 'मालक अमेरिकन' अशा पाट्या लावल्या होत्या, हेही घडले आहे. म्हणजे थांब्याची ती जुनी परीक्षा संपलेली नव्हती. आता ती मालकाला द्यावी लागत होती. जुन्या अमेरिकेचे दिवे आज पुष्कळ ठिकाणी ज्यांच्या हातांनी लागतात, ते त्या आठवणीच्या चित्रात क्वचितच दिसतात.

दुसरा संबंध जवळचा आणि अवघड आहे. १९३५-३६ च्या सुमारास, म्हणजे हार्लेममध्ये 'ग्रीन बुक' निघत होते त्याच वेळी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' ह्या आठवणी लिहिल्या. त्यांत १९०१ सालचा एक प्रवास आहे. लहान भीमराव भाऊ आणि भाच्यांबरोबर मसूर स्टेशनावर उतरून वडिलांकडे कोरेगावला निघालेला. जात कळल्यावर गाडीवाले मिळेनात. दुप्पट भाडे देऊन, गाडी स्वतः हाकण्याच्या अटीवर एक मिळाला. रात्री रस्त्यावरच्या टोलनाक्यावर मुलांनी पाणी मागितले. ते मिळाले नाही. शिदोरी जवळ असून पाण्यावाचून मुले उपाशी झोपली. तोच भीमराव मोठा होऊन, परदेशात शिकून आला तरी बडोद्याच्या धर्मशाळेत काय झाले, ते पुढच्याच आठवणीत आहे.

मराठीत स्मरणरंजनाची पुस्तके थोडी नाहीत. ओटी, पडवी, माजघर, आजीचा हात, बैलगाडीचा प्रवास, वाटेवरच्या विहिरीचे गार पाणी. हे सगळे मलाही प्रिय आहे. माझ्या कादंब-यांत मीही ते लिहिले आहे आणि पुढेही लिहीन. पण त्या विहिरीच्या वर्णनाशेजारी साताऱ्याकडच्या टोलनाक्यावरची ती रात्र ठेवून पाहावी. मग गार पाणी खोटे ठरत नाही. ते कोणाला मिळाले एवढे मात्र सांगावे लागते. एवढे सांगण्याने आठवण आंबट होत नाही. उलट तिला वजन येते.

२०२६ हे सहासष्ट नंबरच्या रस्त्याचे शताब्दीवर्ष. ह्या निमित्ताने पाट्या उजळतील, गाणे वाजेल, पाय वाढला जाईल. ते सारे व्हावे. एंजल डेलगडिलोंच्या गावाला गिऱ्हाईक मिळावे. माझे मागणे फक्त एवढेच, की उजळलेली पाटी पाहून झाल्यावर प्रवाशाने दार ढकलून आत जावे आणि गल्ल्यापाशी उभे राहून विचारावे: इथे दहा सेंट घेऊन कोण आले होते, आणि त्याला पाव मिळाला का? ज्या पुस्तकात, ज्या चित्रपटात, ज्या थांब्यावर ह्या प्रश्नाचे उत्तर प्रामाणिकपणे दिलेले असेल, ते टिकण्याजोगे. बाकीच्यांचे दिवे सुंदर आहेत. ते बघावे आणि पुढे जावे.